आठवा, शंभरावा आणि दोनशे चाळिसावा: टेनिस मोसमाच्या अखेरीला नेमकं काय बघायचं

नाशिकच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन ओपन संपली की वर्षातल्या चारही ग्रँड स्लॅम उरकलेल्या असतात. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरभर पुरुष टेनिसच्या बातम्या येतच राहतात. कोणी पायात गोळे येऊन कोर्ट सोडतो, कोणी माघार घेतो, कोणी एकही सामना न हरता एक नंबरवरून खाली येतो. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा टेनिस खेळतो, हे सगळं मन लावून बघतो आणि प्रश्न विचारतो. या सामन्यांना काही अर्थ असतो का? आणि एवढे दमलेले असताना हे खेळाडू थांबत का नाहीत?

मी पुण्यात बावीस वर्षं कोचिंग करतो. त्यातली बरीच वर्षं माझ्याकडे शिकणाऱ्या खेळाडूंबरोबर चॅलेंजर स्पर्धांना, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धांना, फिरण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: टेनिसचं वर्ष खऱ्या अर्थानं या शेवटच्या सहा आठवड्यांतच कळतं. फक्त नजर फायनलवर ठेवून चालत नाही. क्रमवारीत काही ठिकाणी रेषा आखलेल्या असतात. त्या रेषेच्या अलीकडे कोण राहिलं आणि पलीकडे कोण गेलं, ते बघायचं.

आधी एक नंबरचं कोडं सोडवू. २०२५ मध्ये यानिक सिनरनं पॅरिस मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या दर्जाची स्पर्धा) जिंकली आणि ३ नोव्हेंबरला तो पुन्हा जगात पहिला झाला. त्याचे ११,५०० गुण, कार्लोस अल्काराझचे ११,२५०. पुढच्याच सोमवारी, १० नोव्हेंबरला, अल्काराझ पहिला आणि सिनर दुसरा. मधल्या आठवड्यात सिनर एकही सामना हरला नव्हता.

झालं असं, की क्रमवारी म्हणजे ५२ आठवड्यांचं खातं. आज जमा झालेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमारास वजा होतात. सिनरनं २०२४ ची एटीपी फायनल्स एकही सामना न गमावता जिंकली होती. ही इटलीत तुरीनला होणारी वर्षअखेरीची आठ जणांची स्पर्धा, आधी गटात प्रत्येकाचे तीन सामने, मग उपांत्य आणि अंतिम. गटातल्या प्रत्येक विजयाला २००, उपांत्य सामन्याला ४००, अंतिम सामन्याला ५००, असे मिळून १,५०० गुण. ते खात्यातून गेले आणि सिनर १०,००० वर आला. अल्काराझनं २०२४ मध्ये तिथं एकच सामना जिंकला होता. त्याचे २०० गेले, ११,०५० उरले. आता सिनरनं तुरीनमध्ये पुन्हा सगळं जिंकलं असतं तरी तो ११,५०० च्या वर जाऊ शकत नव्हता. म्हणजे अल्काराझला ४५० पेक्षा जास्त गुण हवे होते. गटातले तीनही सामने जिंकले की ६०० होतात. तिसरा सामना त्यानं १३ नोव्हेंबरला लोरेन्झो मुसेट्टीविरुद्ध जिंकला आणि वर्षअखेरीचा पहिला क्रमांक तिथंच नक्की झाला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात सिनरनं त्याला ७-६, ७-५ असं हरवलं, चषक सिनरकडे गेला, पण वर्ष संपलं ते अल्काराझ १२,०५० आणि सिनर ११,५०० असं.

मुलाला एकदा वही-पेन घेऊन बसवा आणि ही बेरीज-वजाबाकी त्याच्या हातानं करू द्या. ज्या दिवशी ते जमेल त्या दिवसापासून अल्काराझ-मुसेट्टी हा गटातला सामना त्याला अंतिम सामन्याइतकाच मोठा वाटेल.

आता पहिली रेष, आठव्या क्रमांकाची. तुरीनला एकेरीत आठच खेळाडू जातात. त्यासाठी वेगळी यादी असते, तिला रेस म्हणतात. जानेवारीत सगळ्यांचे गुण शून्य आणि तिथून मोजायला सुरुवात. पहिले सात सरळ जातात. आठवी जागा वर्षात ग्रँड स्लॅम जिंकून आठ ते वीसमध्ये असलेल्या खेळाडूसाठी राखलेली. तसा कोणी नसेल तर रेसमधल्या आठव्याला. या एका खुर्चीसाठी २०२५ मध्ये जे झालं ते मी विसरणार नाही.

फेलिक्स ओजे-आलियासिम पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, सिनरकडून हरला, पण तेवढ्यानं मुसेट्टीला मागे टाकून आठवा झाला. फरक १६० गुणांचा. हातात एकच आठवडा. मुसेट्टी अथेन्सच्या छोट्या २५० दर्जाच्या (विजेत्याला २५० गुण) स्पर्धेत उतरला. त्याला जेतेपदच हवं होतं, त्याखालचं काही चालणार नव्हतं. तो अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर उभा कोण, तर नोव्हाक जोकोविच, ३८ वर्षांचा, तुरीनसाठी आधीच पात्र ठरलेला. मुसेट्टीनं पहिला सेट ६-४ घेतला. दुसरा ३-६ गेला. तिसऱ्यात ५-५ पर्यंत तो होता. तीन तासांच्या आसपास खेळून ७-५ ला हरला. जोकोविचचं ते १०१ वं जेतेपद. आणि त्यानंतर थोड्याच वेळात जोकोविचनं खांद्याच्या दुखापतीमुळे तुरीनमधून माघार घेतली! ज्यानं दार बंद केलं त्यानंच ते उघडलं. मुसेट्टी तुरीनला गेला, गटात अ‍ॅलेक्स डी मिनॉरला तीन सेटमध्ये हरवलं, पण पुढं पायात जोर उरला नव्हता. त्यानंतर इटलीच्या डेव्हिस कप संघातूनही तो बाहेर राहिला.

मुसेट्टीनं अथेन्सला जायला नको होतं असं म्हणणारे बरेच भेटले. मला ते पटत नाही. तेवीस वर्षांच्या मुलाला, इटालियन मुलाला, इटलीत होणारी वर्षातली सर्वांत मोठी स्पर्धा हातभर अंतरावर दिसत असेल तर तो खेळणारच. मी त्याचा कोच असतो तर मीही जा म्हटलं असतं. पैशाचं सांगायचं तर २०२५ मध्ये तिथं अपराजित विजेत्याला ५०,७१,००० डॉलर होते. पण आठव्या जागेसाठी धावणारा त्या आकड्यासाठी धावत नाही. वर्षभर दर सोमवारी यादीत आपलं नाव शोधलेलं असतं, त्याचा हिशेब त्याला पूर्ण करायचा असतो.

आता शरीराकडे येऊ. थकव्याचा तुमचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. हा काळ चिनी स्पर्धांपासून सुरू होतो. ऑक्टोबरमधलं शांघाय म्हणजे कोकणातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. दमट, वारा नाही, टॉवेल पिळावा लागतो. २०२५ च्या शांघायमध्ये तिसऱ्या फेरीत सिनरला टॅलन ग्रीक्सपूरविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये इतके गोळे आले की तो रॅकेटचा काठीसारखा आधार घेत बाकापर्यंत गेला आणि सामना सोडला. हा ग्रीक्सपूर आपल्या बालेवाडीत खेळून गेलेला बरं का. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र ओपन जिंकून त्यानं एटीपीचं पहिलं जेतेपद पुण्यात घेतलं होतं. होल्गर रूननं शांघायच्या उष्म्याबद्दल अधिकाऱ्यांना कोर्टवरच जाब विचारला. त्याच महिन्यात स्टॉकहोमच्या उपांत्य सामन्यात, पहिला सेट जिंकून दुसऱ्यात २-२ असताना, रूनच्या घोट्यामागची अकिलिस शीर तुटली. उष्म्यासाठीचा नियम एटीपीनं २०२६ पासून आणला, तापमान व आर्द्रता एकत्र मोजून ठरावीक आकड्याच्या वर विश्रांती आणि त्याच्याही वर खेळ बंद. हे फार आधी व्हायला हवं होतं.

पण नुसत्या उष्णतेला दोष देऊन भागत नाही. शांघायमधून निघालेला खेळाडू आठवड्याभरात युरोपात, हॉलमधल्या बंदिस्त कोर्टवर असतो. पृष्ठभाग वेगळा, चेंडूची उसळी वेगळी, झोपेची वेळ वेगळी. बाहेरच्या कोर्टवर चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, आत तो कमरेखाली राहतो, त्यामुळे प्रत्येक फटक्याला गुडघे जास्त वाकवावे लागतात. उष्ण हवेत चेंडू जास्त उडतो म्हणून गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, घट्ट करायचं, थंड हॉलमध्ये तार कडक लागते म्हणून एक-दोन पौंडांनी सैल करायचं. हे बदल शरीरानं जुळवून घेण्याआधीच पुढचा सामना असतो. मोसमाच्या अखेरीला पोटाचे स्नायू, मांडीचा मागचा स्नायू आणि घोटा, या तीन जागा सगळ्यांत आधी बोलायला लागतात. अल्काराझचंही तेच झालं. तुरीनच्या अंतिम सामन्यात मांडीचा मागचा स्नायू धरला आणि स्पेनच्या डेव्हिस कप संघातून त्याला बाहेर पडावं लागलं.

जास्तीची धाव किती महाग पडू शकते याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला अँडी मरेचं वाटतं. २०१६ मध्ये फ्रेंच ओपन संपली तेव्हा जोकोविच हजारो गुणांनी पुढे होता. मरे हटला नाही. बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस, ओळीनं जिंकत गेला. पॅरिसला उपांत्य सामन्याआधी मिलोश राओनिचनं माघार घेतली आणि मरे पहिल्यांदा जगात पहिला झाला. मग वर्षअखेरीच्या फायनल्समध्ये, त्या तेव्हा लंडनला होत, उपांत्य सामना त्याच राओनिचशी, साडेतीन तासांहून जास्त. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना जोकोविचशी, आणि जो जिंकेल तो वर्षअखेरीचा पहिला. मरेनं ६-३, ६-४ नं जिंकला. मोसमाच्या शेवटच्या सामन्यावर एक नंबर ठरावा, याहून मोठं नाट्य टेनिसमध्ये नाही. त्यानंतरचं २०१७ मात्र आठवा. विम्बल्डननंतर तो त्या वर्षी स्पर्धेतला एकही सामना खेळू शकला नाही. जानेवारी २०१८ मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया, जानेवारी २०१९ मध्ये दुसरी, त्या वेळी सांध्यात धातू बसवला. तो सांधा त्या पाच स्पर्धांमुळेच गेला असं मी म्हणणार नाही, त्याला त्याचा त्रास आधीपासून होता. पण त्या शरद ऋतूत त्यानं शरीराकडून जे उसनं घेतलं ते पुढं फेडावं लागलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कोणी म्हणेल, मग हेच खेळाडू ऑक्टोबरमध्ये रियाधला प्रदर्शनीय सामने कशाला खेळतात? टीका रास्त आहे. पण क्रमवारीचं ओझं नसलेले दोन-तीन सामने आणि बारा दिवस चालणारी मास्टर्स स्पर्धा यांत फरक आहे. बारा दिवस घराबाहेर, एक दिवसाआड ताण. त्यानं माणूस आतून झिजतो. मास्टर्स स्पर्धा एका आठवड्याच्या होत्या तेव्हा हे गणित सोपं होतं.

आता खालच्या रेषा. माझं खरं आयुष्य तिथं गेलंय.

टीव्हीवर तुरीन चालू असतं, त्याच्या आगेमागे हेलसिंकी, ब्रातिस्लाव्हा, माँटेव्हिडिओ, कोबे, योकोहामा अशा ठिकाणी चॅलेंजर स्पर्धा होतात. तिथं प्रेक्षकांत पन्नास माणसं असली तरी खूप. पण तिथल्या प्रत्येक खेळाडूच्या फोनवर एकच हिशेब असतो: ऑस्ट्रेलियन ओपनचा कटऑफ. मुख्य ड्रॉ १२८ चा. त्यात १०४ जण क्रमवारीवर सरळ जातात, ८ वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेल्या थेट जागा), १६ क्वालिफाइंगमधून, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीतून. म्हणजे साधारण शंभरावा क्रमांक ही एक रेष. क्वालिफाइंगलाही १२८ जण, आणि ती यादी साधारण २२० ते २५० च्या दरम्यान कुठंतरी संपते. ती दुसरी रेष. २०२५ मध्ये मेलबर्नला मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि क्वालिफाइंगच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ३५,०००, म्हणजे एकोणीस लाख रुपयांच्या घरात. आपल्याकडच्या खेळाडूसाठी त्या एका आठवड्यावर पुढच्या तीन-चार महिन्यांची विमानाची तिकिटं निघतात.

सुमित नागलनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की त्याच्या बँकेत ९०० युरो उरलेत. त्यानं तो मोसम अर्ध्यावर सोडला नाही. नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीच्या चॅलेंजरला अंतिम फेरी गाठली. जानेवारीत मेलबर्नला क्वालिफाइंगचे तीन सामने जिंकले, मुख्य फेरीत ३१ वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं मॅट्स विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय पुरुष. दुसऱ्या फेरीचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर त्याला मिळाले. फेब्रुवारीत चेन्नई चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात गेला. लोकांना मेलबर्नचा सामना आठवतो. मला त्याआधीचा नोव्हेंबर आठवतो.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती माझ्या हातून घडली आहे. एका नोव्हेंबरात मी एका मुलाबरोबर जपानमध्ये होतो. क्रमवारी २४० च्या आसपास. रेष कुठं पडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी हॉटेलच्या तळमजल्यावर नाणी टाकायच्या वॉशिंग मशीनसमोर बसून आम्ही फोनवर लाइव्ह रँकिंग बघायचो: पुढच्या चौघांचे कोणते गुण कधी गळतात, कोण कुठं खेळतोय, कोणाचा ड्रॉ सोपा आहे. पहिल्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत सर्व्हिस करताना त्याचा हात पोटाकडे गेला. एकदाच. मी ते पाहिलं. सामन्यानंतर विचारलं तर म्हणाला, "सर, काही नाही, थोडं ओढल्यासारखं वाटलं." पुढच्या आठवड्याची स्पर्धा सोडायची की नाही, हा निर्णय माझा होता. उपांत्यपूर्व फेरी मिळाली तर रेषेच्या आत, एवढंच मला दिसत होतं. मी त्याला खेळवलं. तो ती फेरी जिंकला, रेषेच्या आत आला, आणि पोटाचा स्नायू फाटल्यामुळे मेलबर्नला क्वालिफाइंगमध्ये दुसऱ्या सेटनंतर सर्व्हिसच करू शकला नाही. नंतर अडीच महिने रॅकेट हातात नाही. त्याच्या आईवडिलांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं की चूक माझी होती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. सर्व्हिस करताना हात पोटाकडे, खांद्याकडे किंवा कमरेकडे गेला की त्या आठवड्याचं नाव यादीतून काढायचं, रेष कुठंही असो.

या खालच्या जगातून एखादा वर येतो तेव्हा काय होतं ते २०२५ च्या शांघायनंच दाखवलं. मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो, क्रमवारीत २०४ वा. तो क्वालिफाइंगच्या यादीतही नव्हता, राखीव होता. कोणीतरी बाहेर पडल्यावर आत आला. तिथून सगळे सामने जिंकत गेला, उपांत्य सामन्यात जोकोविचला ६-३, ६-४ नं हरवलं, आणि अंतिम सामन्यात समोर स्वतःचा मावसभाऊ की मामेभाऊ ते सोडा, आपल्या भाषेत भाऊच, आर्तुर रिंडरक्नेश. ४-६, ६-३, ६-३. मास्टर्स १००० जिंकणारा आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू. सोमवारी तो ४० वा होता. त्या दिवशी सरावाला आलेल्या मुलांना मी अर्धा तास फक्त हे सांगत होतो.

त्याच मोसमाच्या अखेरीला रोहन बोपण्णा थांबला, हेही मुलाला सांगा. ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला, त्याच जानेवारीत, २०२४ मध्ये, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन विजेता, आणि शेवटचा सामना २०२५ मध्ये पॅरिसला, ४५ व्या वर्षी. वर्षअखेरीच्या फायनल्समध्ये २०१२ ला महेश भूपतीबरोबर आणि २०१५ ला फ्लोरिन मर्जियाबरोबर तो अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. दोन्ही हरला. दुहेरीत आपली माणसं तुरीन-लंडनपर्यंत सातत्यानं पोहोचली आहेत, आणि दुहेरीच्या सामन्यांकडे आपलेच लोक चॅनेल बदलतात याचं मला वाईट वाटतं.

बंदिस्त कोर्टवरचे सामने मुलाला दाखवताना चेंडूकडे कमी आणि सर्व्हिस परतवणाऱ्याच्या पायांकडे जास्त बघायला सांगा. वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे सर्व्हिस फसत नाही. ती घेणाऱ्यानं चेंडू सुटायच्या क्षणी छोटी उडी मारून पाय टेकवले पाहिजेत. सिनरचे पाय त्या क्षणी हवेत असतात आणि चेंडू रॅकेटवरून सुटताच जमिनीवर. हळू गतीनं लावून दाखवा. तुरीनच्या अंतिम सामन्यात पहिल्या सेटमध्ये सेट पॉइंट वाचवताना त्यानं दुसरी सर्व्हिस पहिलीसारखी ठोकली, तेही दाखवा. पण उद्यापासून तसंच कर म्हणू नका. त्यामागे हजारो टोपल्या चेंडू आहेत.

आणि तुमच्या मुलापुरतं. तो चौदा वर्षांचा आहे. डिसेंबरमध्ये सुट्ट्या लागल्या की तीन आठवडे ओळीनं स्पर्धा लावायचा मोह होतो. मी वर्षानुवर्षं पालकांना हे करताना बघतोय. त्यापेक्षा दोन आठवडे रॅकेट कपाटात ठेवा. त्यानं फुटबॉल खेळावा, पोहावं, गडावर जावं. तिसऱ्या आठवड्यात रोज पाऊण तास फक्त सर्व्हिस, तीही अर्ध्या जोरानं, आणि सर्व्हिस टाकताना त्याचा हात कुठं जातो ते तुम्ही कोर्टच्या बाजूला उभं राहून स्वतः बघा. पोटाला, खांद्याला, कमरेला गेला तर त्याच दिवशी मला फोन करा.